सात किलोंत चार दिवस

निशिगंधाने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. माणशी एकच बॅग. बॅगेचं वजन सात किलो. तिसरी सांगताना मात्र ती जरा अडखळली. म्हणाली, "बाबा, कपडे साधेच आणा, पण... नीट आणा हं."

मी महिपत, ठाण्यात बाळकुमला राहतो, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे, आणि 'नीट' या शब्दाचा अर्थ मला एकतीस वर्षांच्या नोकरीत चांगला कळलेला आहे. साहेब जेव्हा "फाईल नीट ठेवा" म्हणतात, तेव्हा आत्तापर्यंत ती नीट नव्हती असं त्यांना म्हणायचं असतं. फोन ठेवल्यावर मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. माझ्या अंगात घरचा बनियन होता, त्याला खांद्याजवळ एक भोक होतं, आणि त्या भोकाकडे मी पहिल्यांदाच परक्या माणसाच्या नजरेने बघितलं.

प्रसंगच तसा होता. निशिगंधा बंगलोरला नोकरी करते. तिथे तिला शौनक नावाचा मुलगा आवडला होता. त्याचे आईवडील मूळचे धारवाडकडचे, पण मराठी चांगली बोलणारे, आडनाव गलगली. वडील भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आई गणिताची. सव्वीस जानेवारीची सुट्टी सोमवारी आलेली, म्हणून शुक्रवार ते सोमवार आम्ही दोघांनी त्यांच्या घरी उतरायचं ठरलं. त्यांचाच आग्रह होता. पहिलीच भेट आणि चार दिवस मुक्काम. म्हणजे पहिल्या दिवशी जेमतेम पास झालो तरी पुढचे तीन दिवस पेपर चालूच.

तिकिटं निशिगंधाने काढली होती आणि ती फक्त हातातल्या बॅगेची होती. माझ्या बायकोने, जागृतीने, गुरुवारी दुपारी वीस मिनिटांत तिची बॅग भरली. दोन साड्या, तीन ड्रेस, बाकीचं सटरफटर. काट्यावर ठेवली तर सहा किलो आठशे. ती चहा ठेवायला निघून गेली. मी मात्र सोमवारपासून भरत होतो.

याचं कारण म्हणजे मी पद्धतशीर माणूस आहे. मोबाईलवर वाचून मला असं कळलेलं की कपडे असे निवडायचे, की त्यातलं काहीही कशावरही गेलं पाहिजे. मी एका फुलस्केप कागदावर तक्ता आखला. निळी पँट, करडी पँट. पांढरा शर्ट, फिकट निळा शर्ट, बारीक रेघांचा शर्ट. एक जॅकेट. तीन शर्ट गुणिले दोन पँटी म्हणजे सहा जोड्या, आणि जॅकेट घालून आणि न घालून धरलं तर बारा. चार दिवसांत बारा वेगवेगळे महिपत बंगलोरला दिसणार होते.

मी एकेक जोडी घालून जागृतीला दाखवली. पाचव्या जोडीला ती म्हणाली, "अहो, सगळ्यांत तुम्ही सारखेच दिसता."

"रंग बघ ना."

"रंग बघितला. वर तुमचंच तोंड आहे."

बॅगेचा प्रश्न वेगळाच होता. विमानात चालणारी, मापातली बॅग आमच्याकडे नव्हती. ती माझ्या साडूकडे, कोपरच्या हितेशकडे होती. हितेशने ती कपाटाच्या वरून उतरवली, तिच्यावर शिवलेली गवसणी काढली आणि मला चाकं दाखवली. "डांबरी रस्त्यावर ओढायची नाही," तो म्हणाला. "सिमेंटवर पण नाही. ही फक्त लादीवर चालते." बॅगेला तीन आकड्यांचं कुलूप होतं, त्याचा नंबर त्याला आठवत नव्हता. "उघडं आहे तोवर उघडं आहे," एवढंच तो म्हणाला. चाकाची बॅग मी खांद्यावर घेऊन कोपरच्या बाजारातून रिक्षापर्यंत चालत गेलो. ओळखीच्या दोन माणसांनी विचारलं, कोण वारलं का.

बुधवारी वरच्या मजल्यावरचे काळुरामदादा आले. गावातली जमीन इमारतीला दिल्यापासून दादांना वेळ भरपूर असतो, आणि ते दुबईला एकदा, तिरुपतीला तीनदा विमानाने गेलेले असल्यामुळे आमच्या सोसायटीत हवाई प्रवासावर शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांनी बॅगेत डोकावून माझ्या घड्या बघितल्या आणि तोंड वाकडं केलं.

"घडी कोण घालतं आता? दुबईला सगळे गुंडाळतात."

मी गुंडाळले. मग ते वर जाऊन एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. कपडे पिशवीत घालून त्यांनी तिच्यातली हवा ओढून काढली. तीन शर्ट, दोन पँटी आणि एका जॅकेटची बघता बघता कडक, सपाट फरशी झाली. दादांनी ती बोटाने वाजवून दाखवली. मला खरोखर धन्य वाटलं. मग आम्ही ती फरशी काट्यावर ठेवली. वजन अगोदर होतं तेवढंच होतं.

"हवेलाच वजन नसतं, त्याला मी काय करू," दादा म्हणाले.

पिशवी उघडल्यावर शर्टांवर ज्या सुरकुत्या निघाल्या त्या काढायला इस्त्री घेऊन मी दीड तास बसलो. त्यात विमान कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून ठेवला होता. अकरा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. मी विचारलं, बायकोची पर्स सात किलोंत धरतात का. ती म्हणाली, पर्स वेगळी सर. मी विचारलं, आणि माणसाच्या अंगावरचे कपडे? तिने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, अंगावरचे कपडे हे बॅगेज नसतं." हे वाक्य मी तक्त्याच्या खाली लिहून ठेवलं. त्याचा उपयोग होईल असं तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शेवटी गुरुवारी रात्री जेवणाआधी बॅग सहा किलो नऊशेवर आली. त्यासाठी दाढीचं सामान, जाड टॉवेल आणि चामड्याच्या चपला बाहेर काढाव्या लागल्या. माझी आई, आवडाबाई, दारात बसून हे बघत होती.

"कवरीशी बॅग हाय ही. यान पोरीचं कं नेशील?"

"आई, सात किलोच चालतात. पोरीचं काही नेता येणार नाही."

"पैल्यांदा सोयऱ्यांच्या घरा जातंस. पोरीची वटी रिकामी?"

"विमानवाले घेऊ देत नाहीत."

आईने थोडा विचार केला. "त्या इमानवाल्यांच्या घरान पोरी नाय का?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली. विषय संपला असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी आंघोळीला गेलो असताना दादा निरोप द्यायला आले. जाता जाता त्यांनी बॅग बंद करून कुलूप लावलं. नवीन नंबर घातला, नीट बंद झालंय ना ते खेचून बघितलं आणि मला बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडून सांगितलं, "नंबर तुझ्या वाढदिवसाचा टाकलाय." मी आतून बरं म्हटलं.

विमानतळावर आम्ही वेळेत पोचलो. विमान पावणेबाराचं, आम्ही साडेदहाला कंपनीच्या काउंटरसमोर. जागृतीच्या बॅगेला त्यांनी चिठ्ठी लावली. माझी काट्यावर ठेवली. समोरचा तरुण आकड्याकडे बघून म्हणाला, "सर, आठ सातशे."

"शक्य नाही," मी म्हणालो. "सहा नऊशे आहे. तीनदा मोजलंय."

त्याने काटा माझ्याकडे वळवला. आठ पूर्णांक सात. रात्रीतून बॅग एक किलो आठशे ग्रॅमने कशी वाढते? काट्याच्या अचूकतेबद्दल मी दोन वाक्यं बोललो, पण मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. तरुण म्हणाला, जादा वजनाची बॅग खालच्या सामानात द्यावी लागेल, त्याची रांग त्या बाजूला. त्या बाजूला पन्नासेक माणसं उभी होती, ट्रॉल्यांसकट. एक कुटुंब तर सायकल घेऊन आलेलं. "नाहीतर काहीतरी काढा," तो म्हणाला. "पंधरा मिनिटांत."

आम्ही बॅग बाजूला घेतली. मी नंबर लावला. माझा वाढदिवस एक जून. शून्य-एक-सहा. उघडलं नाही. एक-शून्य-सहा. नाही. एक-सहा-शून्य. नाही. दादांना फोन लावला.

"अहो, एक जून लागत नाहीये."

"एक जून कशाला? तो शाळेच्या मास्तरने टाकलेला. गावात निम्म्यांचा वाढदिवस एक जून आहे. मी खरा टाकलाय, काकीला विचारून."

"खरा कुठला?"

"तुला माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हता. त्रेपन्न वर्षं मी कधी विचारलाच नव्हता. दादांना तो आता आठवत नव्हता, कारण आईने सांगितलेली तिथी त्यांनी मोबाईलवर शोधून तारीख काढली होती आणि काढून विसरलेही होते. ते जिना उतरून आमच्या घरी गेले. मला त्यांच्या चपलांचा आवाज फोनमधून ऐकू येत होता. मग आईचा आवाज आला.

"नारली पुनवेच्या दुसऱ्या दिसाला झालास. तुझा बाप मिठागरावरशी आला, तवा तू सहा घटकांचा व्हतास."

"आई, तारीख सांग."

"तारीख मना कं ठावी?"

दादा पुन्हा मोबाईलवर शोधू लागले. माझ्या जन्माच्या वर्षाची पौर्णिमा यायला चार मिनिटं लागली. जागृती घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे बघायचं टाळत होती. "पंचवीस ऑगस्ट," दादा म्हणाले. मी दोन-पाच-आठ लावलं. कुलूप उघडलं. माझा खरा वाढदिवस मला विमानतळाच्या लादीवर गुडघे टेकून कळला, आणि त्यावर काही वाटून घ्यायला तेव्हा वेळ नव्हता.

वरचे शर्ट बाजूला केल्यावर सगळा उलगडा झाला. खाली आईने एक नवी हिरवी साडी ठेवली होती, एक डबा तांदळाच्या लाडवांचा, आणि माझ्या झोपायच्या लेंग्यात गुंडाळलेला एक शेंडीचा नारळ.

"काढूया का?" मी विचारलं.

"कुठे टाकणार?" जागृती म्हणाली. तिने इकडेतिकडे बघितलं. कचऱ्याचा डबा चकचकीत स्टीलचा होता. "आईंनी ओटीचं दिलंय ते डब्यात टाकू?"

ते शक्य नव्हतं, हे मलाही कळत होतं. मग मला मदत क्रमांकावरच्या मुलीचं वाक्य आठवलं. मी बॅगेतून दोन्ही शर्ट, निळी पँट आणि जॅकेट काढलं आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात गेलो.

अंगात पांढरा शर्ट होता, त्यावर फिकट निळा घातला. त्यावर रेघांचा. तिसऱ्याची बटणं लागेनात, पोटावरचं एक तसंच सोडलं. पँटींचं अवघड होतं. करडी काढून आत निळी घातली, वर पुन्हा करडी ओढली. ती मांडीपर्यंत येऊन थांबली, उड्या मारून वर घ्यावी लागली. हात धुणाऱ्या एका गृहस्थाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हात न पुसताच तो निघून गेला. जॅकेट चढवल्यावर माझे दोन्ही हात अंगापासून थोडे लांब राहू लागले. मी काउंटरकडे चालत आलो तेव्हा गुडघे वाकत नव्हते.

बॅग काट्यावर ठेवली. सहा किलो नऊशे पन्नास. तरुणाने बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काही न बोलता चिठ्ठी लावली. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला.

सुरक्षा तपासणीत माझी बॅग यंत्रातून बाहेर आली आणि बाजूच्या पट्ट्यावर वळली. इकडे जवान माझ्या अंगावरून हात फिरवत होता. त्याचा हात छातीवर थांबला.

"कितने शर्ट हैं?"

"तीन."

"क्यों?"

"वजन," मी म्हणालो.

त्याने खाली चाचपलं. "और पतलून भी दो?" मी मान डोलावली. त्याने एक सुस्कारा सोडला आणि हाताने पुढे जायची खूण केली. त्याच्या आयुष्यात मी पहिला नसणार.

बॅगेपाशी मात्र दुसरा अधिकारी उभा होता. त्याने लेंगा सोडून नारळ बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "ये अलाउड नहीं है."

"नारळ आहे साहेब. ओटीचा."

"नारियल केबिन में नहीं जाता. नियम है." त्याने भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. चाकू, कात्री, लायटर आणि त्यांच्या पंगतीत, चित्रासकट, नारळ.

म्हणजे ज्याच्यासाठी मी चार दिवसांचे कपडे एकदम अंगावर चढवले होते, तो राहणार आणि कपडे जाणार. मी फार शांतपणे बोलायचा प्रयत्न केला. साडी चालेल का, लाडू चालतील का, तर ते चालत होते. फक्त नारळ नाही. त्याने कचऱ्याच्या डब्याकडे हात दाखवला. तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा झाली.

जागृती पुढे आली. तिने नारळ उचलला आणि पलीकडे झाडू मारणाऱ्या बाईंकडे गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्या बाईंनी झाडू भिंतीला टेकवला, पदर पुढे केला, आणि जागृतीने नारळ त्यांच्या पदरात घातला. त्यांनी वाकून नमस्कार केला. अधिकारी छताकडे बघत होता.

"लेक आहे त्यांना, चौथी-पाचवीतली," परत आल्यावर जागृती म्हणाली. "चला, धावा."

मी धावलो नाही. मला धावता येत नव्हतं. मी लंगडीसारखं काहीतरी करत दारापर्यंत पोचलो. अंगावरचे कपडे उतरवायला आता ना वेळ होता ना जागा. विमानात पावणेदोन तास मी फळीसारखा बसून होतो. बंगलोरला उतरल्यावर निशिगंधा एकटीच घ्यायला येणार, घरी जायच्या आधी कुठेतरी कपडे काढता येतील, या आशेवर मी होतो.

बाहेर निशिगंधा होती. शौनक होता. आणि त्याचे आईवडीलही होते, हातात मोगऱ्याचा गजरा आणि एक छोटा पुष्पगुच्छ घेऊन.

नमस्कार झाले. वाकून नमस्कार करणं मला शक्यच नव्हतं, मी हात जोडून उभ्यानेच मान लववली. प्राध्यापक गलगलींनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि उचलून बघितली. "चार दिवसांसाठी एवढंच? आमच्याकडे हे कुणालाही जमत नाही बघा." त्यांच्या बायकोनेही माझ्याकडे कौतुकाने बघितलं, निदान मला तरी ते कौतुक वाटलं. मी म्हणालो, "नियोजन." दुसरा शब्द सुचलाच नाही.

त्यांच्या घरी मऊ सोफा होता. मी त्यावर बसलो की उठवायला माणूस लागणार, म्हणून कडेला टेकलो. गरम कॉफी आली. "जॅकेट काढा की," गलगली म्हणाले. "असू दे, सवय आहे," मी म्हणालो. मग त्यांनी ठाण्याच्या पाण्याबद्दल विचारलं. हा माझा विषय. पण बोलताना घामाचा एक थेंब कपाळावरून नाकावर आला, तिथे थांबला आणि कॉफीत पडला. "तुम्हाला बरं वाटतंय ना?" त्यांच्या बायकोने विचारलं. जागृती म्हणाली, "त्यांना थंडी लवकर बाधते." बाहेर ऊन पडलेलं होतं.

निशिगंधा समोर बसली होती. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. मला कळलं, ती कॉलर मोजते आहे. ती उठली आणि म्हणाली, "बाबा, तुमची खोली दाखवते."

खोलीत तिने दार लावलं. "किती आहेत?"

"तीन."

"आणि खाली?"

"दोन."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा चिडेल. मीच म्हणालो, "तू नीट कपडे आणा म्हणालीस. मी सगळं नीटच भरलं होतं गं. तुला खाली बघावं लागू नये म्हणून तक्ता केला होता मी."

ती पलंगावर बसली. "मी म्हटलं कारण इथे रात्री थंडी असते आणि तुम्ही कधी स्वेटर आणत नाही."

"मग स्वेटर आणा म्हणायचं."

"मग तुम्ही म्हणाला असतात, मला थंडी वाजत नाही." खरं होतं. तिने माझ्या जॅकेटची बाही धरून ओढायला सुरुवात केली. हात अडकला होता. "बाबा, मी आठवडाभर नीट झोपलेली नाही. पण ते तुम्हाला बघून काय म्हणतील म्हणून नाही. तुम्हाला ते आवडतील की नाही म्हणून. मी त्यांना सांगून ठेवलंय, बाबांनी नको म्हटलं तर मी ऐकेन. आता तुम्ही आल्यापासून तोंड असं करून बसलाय की मला वाटलं, झालं, संपलं."

मी आरशात बघितलं. तोंड खरोखर तसंच होतं. दोन पँटींनी माणसाचं तसंच होतं.

"मला प्राध्यापक आवडले," मी म्हणालो. "बॅग त्यांनी स्वतः उचलली. शौनक बोलत नाही फारसा, पण तुझ्या आईला खुर्ची आधी दिली त्याने, हे मी बघितलं."

निशिगंधाने माझी बाही ओढून काढली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती. ती बाहेर गेली. मी एक शर्ट, एक पँट ठेवून बाकी सगळं काढलं, तोंड धुतलं आणि पुन्हा दिवाणखान्यात आलो. आता मी व्यवस्थित चालत होतो. व्यवस्थित बसलोही.

गलगलींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बायकोकडे वळले. "किती?"

बाईंनी उत्तर माझ्याकडूनच मागितलं. "तीन होते ना हो? मी विमानतळावर कॉलर मोजल्या. हे दोनच म्हणतात. गाडीत सगळा वेळ आमचा त्यावर वाद, कानडीत, तुम्हाला कळू नये म्हणून."

शौनकने कपाळावर हात मारला. निशिगंधा जागच्या जागी थिजली. जागृतीने कपातली कॉफी ढवळायला घेतली, साखर कधीच विरघळलेली असताना. मला माझी सगळी प्रतिष्ठा डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ती कुठल्याही बाजूने वाचत नव्हती.

"तीन," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर."

बाईंनी नवऱ्याकडे विजयाने बघितलं. मी सोफ्यावर मागे टेकलो आणि सांगून टाकलं, "पण पँटी तुम्ही दोघांनीही मोजल्या नाहीत. त्या दोन होत्या."

सगळ्यांत आधी जागृती हसली.